घासलेलं नाव

दुकानात उभं राहून कुणी भांड्याचं वजन विचारलं तर मी गुमान सांगतो. तो धंदाच आहे माझा. पण आतल्या खोलीत येऊन, माझ्या फडताळापुढं उभं राहून कुणी म्हणालं, "अप्पा, ह्ये समदं मोडीत घातलं तर किती किलो भरंल वो?" की माझं टाळकं सणकतं. मागच्या दिवाळीत असल्याच एका शहाण्याला मी दंडाला धरून बाहेर काढला. माझाच जावई होता तो. शिवकांता, म्हणजे माझी बायको, त्यावर चार दिवस माझ्याशी बोलली नाही. खरं सांगू का, ते चार दिवस लई निवांत गेले.

फडताळात सोनंनाणं नाही. अक्षरं आहेत. हिमायतनगरकडच्या एका शाळेतल्या पोरांच्या पट्ट्याचं बक्कल आहे, त्यावर दोन अक्षरं एकमेकांत अशी गुंतवलेली की सोडवता सोडवत नाहीत. उमरीच्या बाजूच्या एका वसतिगृहाचं ताट आहे, काठाला ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं. कुण्या जागीरदाराचं पानदान, त्याच्या झाकणावर उर्दू अक्षरांची वेल. शाळांचे पितळी बिल्ले, दौती, बक्षिसाचे पेले. एक घंटासुद्धा आहे, ती शिवकांता वाजवू देत नाही.

मधल्या खणात एक फुलपात्र आहे. ते मी कुणाच्या हातात देत नाही, पाहायचं तर पुढूनच पाहा म्हणतो. पाहुण्यांना वाटतं म्हातारा चिक्कू आहे. वाटू द्या. आता पंच्याहत्तरी उलटली, लपवून कुणाचं भलं व्हायचं राहिलं नाही, म्हणून सांगून टाकतो.

आमचं दुकान लातुरात गोलाईजवळ, वडिलांपासूनचं. वडील गुरुपादप्पा, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. नवी भांडी विकायची, जुनी मोडीत घ्यायची, आणि नव्या भांड्यावर नाव घालून द्यायचं, असा तिहेरी धंदा. नाव घालायचं काम माझं. बारीक छिन्नी, हलकी हातोडी आणि मांडीखाली गोणपाट. लग्नसराईत दिवसाला शंभर भांड्यांवर मी सप्रेम भेट ठोकायचो. अक्षर चांगलं होतं माझं, हे मी नाही म्हणत, उदगीरहून लोक यायचे.

मोडीच्या बाबतीत अण्णांचा एक कायदा होता. भांडं काट्यावर चढायच्या आधी, विकायला आलेल्या माणसाच्या डोळ्यांदेखत त्यावरचं नाव कानशीनं घासून टाकायचं. नाव राहिलं तर मोड घ्यायची नाही. मी एकदा कंटाळून म्हणालो, "अण्णा, वितळवायचंच हाय तर कशाला हात दुखवून घ्यायचा?" तर ते म्हणाले, "घरची भांडी विकायला कुणी हौसेनं येतंय का रे? उद्या त्येच भांडं दुसऱ्याच्या हातात दिसलं आन वर नाव वाचलं, तर त्या घराची अब्रू आपल्या दुकानानं घालवली." माणसं पण तशीच. नाव पूर्ण जाईपर्यंत उभी राहायची, गेल्यावर त्या जागेवरून बोट फिरवून बघायची आणि मगच पायरी उतरायची.

आता मला लागलेलं अक्षरांचं वेड, आणि हातात कानस! दुसऱ्या कुणी इतकं देखणं नाव घातलेलं असायचं की घासताना जीव तुटायचा. मग मी एक वाट काढली. घासायच्या आधी नावावर पातळ कागद ठेवायचा, वरून शिसपेन्सिल आडवी फिरवायची, की अक्षर जसंच्या तसं कागदावर उतरतं. ती छाप वहीत चिकटवायची, खाली तारीख आणि गाव. अण्णा कुरकुरले, पण वही दुकानाबाहेर न्यायची नाही या बोलीवर चालवून घेतलं. पुढं मी एक हिशेबच बांधून टाकला. शाळांची, संस्थांची चिन्हं फडताळात जायची, माणसांची नावं वहीत.

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या दुकानापुढं जी रांग लागली ती देव करो आणि पुन्हा न लागो. हंडे, घागरी, पराती, लग्नातली पंचपात्रं. पाणीच नव्हतं तर हंडा ठेवून करायचा काय, असं लोक उगं हसून म्हणायचे, आणि हसताना आमच्याकडं बघायचे नाहीत. कानशीचा आवाज दिवसभर चालायचा. रात्री जेवायला बसलो की माझ्या भाकरीला पितळेचा वास यायचा.

त्यातच एके दुपारी उदगीरच्या अलीकडच्या एका गावचे गृहस्थ आले. काळी टोपी, कोट, धुतलेलं धोतर. गावचं कुलकर्ण्यांचं घर असावं असं दिसत होतं. मोठ्या घागरीच्या पोटातून त्यांचं एक फुलपात्र घरंगळत माझ्या पायाशी आलं. उचललं आणि मी पाहतच राहिलो. पुढच्या बाजूला शाळेचं चिन्ह. पाच ज्योतींची समई, तिच्याखाली नदीच्या तीन लाटा, वर कमानीत देवनागरीत 'गोदातीर कन्याशाळा, नांदेड' आणि खाली तेच उर्दूत. लाटा अशा काढलेल्या की बोटाला ओल्या लागाव्यात. पाठीमागं चार ओळी: 'कु. गोदावरी वसंतराव कंधारकर हिस, इयत्ता सातवीत पहिला नंबर आल्याबद्दल, सन १९५६.'

मी विचारलं, "काका, ह्या गोदावरी कोण?"

त्या गृहस्थांनी पापणीही हलवली नाही. म्हणाले, "आमच्या घरात या नावाचं कोणी नाही."

"दुसऱ्या कुणाची ठेव तर न्हाई ना? बक्षिसाचं दिसतंय."

"नाही म्हटलं ना. घासा तुम्ही."

अण्णांनी माझ्याकडं असा डोळा केला की मी मूग गिळून बसलो. गिऱ्हाइकाला घरातलं विचारायचं नसतं. मी छाप घेतली, मग कानस घेतली. चिन्हाला धक्का न लावता पाठ घासायची म्हणजे नाजूक काम, पण हात साफ होता. आधी कानस, मग बारीक कागद, मग चिंच आणि राख. संध्याकाळपर्यंत पाठ अशी लखलखीत झाली की तिथं कधी अक्षर होतं हे ठोकणाऱ्यालाही सांगता आलं नसतं. मला त्याचा अभिमान वाटला होता. आता तो अभिमान आठवला की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

फुलपात्र फडताळात गेलं. ती शाळा पुढं बंद पडली असं मला नांदेडच्या एका व्यापाऱ्यानं सांगितलं, त्यामुळं तर माझा जीव त्यावर जास्तच बसला. त्या चिन्हाची दुसरी वस्तू मला आजपर्यंत कुठं भेटली नाही.

दहा वर्षं गेली. अण्णा गेले. ब्याऐंशी साली लातूर जिल्हा होणार हे पक्कं झालं आणि गावाला नुसतं भरतं आलं. ज्याला त्याला वाटायचं, कलेक्टर आपल्याच गल्लीत राहायला येणार. पंधरा ऑगस्टच्या सुमारास प्रदर्शन भरवायचं ठरलं, आणि समितीची माणसं माझ्याकडं आली. "मन्मथअप्पा, तुमच्या त्या अक्षरांच्या वस्तू ठेवा, दोन टेबलं देतो." आयुष्यात पहिल्यांदा कुणी वजन न विचारता त्या फडताळाकडं बघत होतं. मी हवेत चालायला लागलो. रोज एक वस्तू घासूनपुसून, तिच्या नावाची चिठ्ठी लिहून ठेवायचो. शिवकांता म्हणायची, "सोताच्या लग्नात एवढं धावला न्हाईत वो."

जुलैच्या शेवटी, दुपारी, एक बाई दुकानात आल्या. चाळिशीच्या आसपास, फिकट लुगडं, कपाळ मोकळं, हातात कापडी पिशवी. म्हणाल्या, "मन्मथअप्पा तुम्हीच ना? तुमच्याकडं जुन्या शाळांच्या वस्तू आहेत असं कळलं. नांदेडच्या गोदातीर कन्याशाळेचं काही आहे का?"

अहो, मला केवढा आनंद! त्या शाळेचं नाव घेऊन कुणी पायरी चढलं होतं! मी त्यांना आतल्या खोलीत नेलं, शिवकांताला चहा टाकायला सांगितला, आणि फुलपात्र काढून त्यांच्या हातात दिलं.

त्यांनी ते दोन्ही हातांत धरलं. समई पाहिली, लाटा पाहिल्या. चेहरा असा उजळला, वीस वर्षं एकदम गळून पडली. "हेच," म्हणाल्या. "हेच माझं." मग उलटं केलं. पाठीवरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. उजेडात नेऊन तिरपं धरलं.

"नाव होतं इथं," त्या म्हणाल्या.

 मी विचारलं, "तुम्ही गोदावरी?"

"माहेरची. वसंतराव कंधारकरांची मुलगी. सासरी आले त्या दिवशी ताटात तांदूळ पसरून अंगठीनं प्रेमला लिहिलं, तेव्हापासून प्रेमला."

मग त्यांनी सगळं सांगितलं, रडगाणं न लावता. नवरा तीन वर्षांपूर्वी वारला. दिराच्या घरात एक खोली आहे, दोन वेळचं जेवण आहे, आणि प्रत्येक घासाला बोलणी आहेत. ओसरीवर गल्लीतली मुलं, एखाददुसरी बाई बसवून त्या अक्षरं शिकवायच्या, फुकट. आता नव्या जिल्ह्यात गावोगाव बालवाडीच्या बाई नेमणार होते, त्यांच्याही गावात एक जागा होती. सातवी पास पाहिजे आणि वय चाळिशीच्या आत. जानेवारीत त्यांना चाळीस वर्षं पूर्ण होत होती, म्हणजे हीच पहिली आणि हीच शेवटची संधी. शाळा बंद पडलेली, दप्तर वाळवीनं खाल्लेलं, पास झाल्या त्याच वर्षी नांदेड दुसऱ्या राज्यात गेलं म्हणून वरचे कागद कुठं गेले कुणाला मालूम नाही. दाखला घरातल्या ट्रंकेत होता, तो एका पावसाळ्यात भिजून गेला.

"शिक्षणखात्याचे साहेब भले आहेत," प्रेमलाबाई म्हणाल्या. "नाव बदलल्याचं त्यांनी लग्नपत्रिका बघून मान्य केलं. म्हणाले, शाळेचं आणि तुमचं नाव एकत्र असलेली कुठलीही जुनी वस्तू आणा, मी त्यावरून तुमचं प्रकरण पुढं पाठवतो. मग मला हे आठवलं. सासरे वारले तेव्हा सासूबाई बोलून गेल्या होत्या, ते लातूरला दिलं म्हणून. मला तर घरात कुणी विचारलंही नव्हतं."

मी बोलायला नको होतं ते बोललो. स्वतःची बाजू सावरायची घाई. म्हणालो, "बाई, मी विचारलं व्हतं बरं का तुमच्या सासऱ्यांना. गोदावरी कोण म्हनून. ते म्हनले, आमच्या घरात या नावाचं कोणी न्हाई."

प्रेमलाबाईंनी फुलपात्र पुन्हा सुलट धरलं, समईकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "खरंच होतं म्हणा ते. त्यांच्या दृष्टीनं." चहा त्यांच्यापुढं तसाच होता. "नाव तुम्हीच घासलंत?"

"हाव."

"छान घासलंय. मग तुम्हीच घाला परत. होतं तसंच. मला पाठ आहे, चार ओळी."

आणि मी? मी ताठ झालो. म्हणालो, "न्हाई बाई. जुन्या वस्तूला मी नवं अक्षर लावत न्हाई. ते खोटं व्हतंय."

"खोटं कसं? मी पहिली आले होते. ते त्यावर होतं. तुम्ही पुसलंत."

"तरीबी. सरकारी काम हाय. उद्या कुनी वळखलं की अक्षर नवं हाय, तर तुम्ही बी अडकाल, मी बी अडकंन."

तेवढं माझं खरं होतं, अजूनही म्हणतो. नवं नाव ठोकून दिलं असतं तर ती बनवाबनवीच झाली असती. पण पुढचं ऐका. प्रेमलाबाईंनी मान डोलावली. पटलं त्यांना. मग शेवटचा प्रश्न विचारला, अगदी हलक्या आवाजात. "बरं. मोड घेता तेव्हा तुम्ही कुठं काही लिहून ठेवता का? त्या वेळची काही नोंद?"

माझ्या पाठीमागं, दोन हातांवर, लोखंडी पेटी होती. तिच्यात सोळा वह्या. बहात्तरची वही जाड निळ्या पुठ्ठ्याची. मला आठवलं नाही असं म्हणायची सोय नाही. आठवलं होतं. छाप कोणत्या पानाला असेल तेसुद्धा अंदाजानं माहीत होतं. आणि त्याच क्षणी हेही डोक्यात आलं, की छाप दिली तर साहेब फुलपात्रही मागणार, चिन्ह जुळवायला. ते एकदा कचेरीत गेलं की फायलीला बांधून पडणार, आणि दोन आठवड्यांवर प्रदर्शन. माझ्या टेबलावरची सगळ्यात भारी वस्तू.

"न्हाई," मी म्हणालो. "तसलं काही ठेवत न्हाई आम्ही."

बस्स. एवढंच कारण. दुष्काळ नव्हता, अण्णांचा डोळा नव्हता, कुणाची जबरदस्ती नव्हती. माझं टेबल रिकामं दिसू नये म्हणून मी एका बाईच्या भाकरीवर पाय दिला.

प्रेमलाबाई उठल्या. जाताना म्हणाल्या, "निदान तुम्ही दोन ओळी लिहून द्याल का, की यावर नाव होतं म्हणून? पाच ऑगस्टपर्यंत अर्ज आहे."

"बघू," मी म्हणालो. "प्रदर्शनाची गडबड चालू हाय. ह्ये होऊ द्या, मग बघू."

त्या गेल्या. चहावर साय धरली होती. कप उचलायला शिवकांता आली आणि दारातच थांबली. "अवो, त्या वह्या?"

"तू तुझ्या भाकरी बघ," मी खेकसलो.

ती कप घेऊन गेली. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

प्रदर्शन झालं. गर्दी म्हणजे काय गर्दी! पोरं, मास्तर, पुढारी, नव्या कचेऱ्यांतले साहेबलोक. फुलपात्र मी मधोमध ठेवलं होतं, खाली मखमल, पुढं चिठ्ठी: 'गोदातीर कन्याशाळा, नांदेड. बक्षिसाचं फुलपात्र.' लोक वाकून वाकून बघायचे. दुसऱ्या दिवशी एक चष्म्यातले साहेब त्यापुढं थांबले ते हलेचनात. मला वाटलं, रसिक आहेत. मी पुढं झालो, समईच्या ज्योती दाखवल्या, लाटा दाखवल्या.

साहेब म्हणाले, "हीच शाळा. काय योग आहे बघा. मागच्या महिन्यात एक बाई आल्या होत्या माझ्याकडं, याच शाळेतल्या. कसला पुरावा नाही हो. मी त्यांना माझ्यासमोर धडा वाचायला लावला, गणितं घातली. सगळं बिनचूक. पण कागदाशिवाय मी तरी काय करणार? कुणी जबाबदार माणसानं दोन ओळी लिहून दिल्या असत्या, कुठं जुनी छापबीप निघाली असती, तर मी भांडून करून दिलं असतं काम." मग फुलपात्राकडं पाहत म्हणाले, "आता त्या जागेवर नेमणूक झाली. परवाच. शेजारच्या गावची मुलगी आहे, तीही बरी आहे."

मी "अस्सं" म्हणालो. आणि पुढची चिठ्ठी सरळ करत राहिलो.

शेवटच्या दिवशी माझा सत्कार झाला. शाल, नारळ आणि एक पितळी ताटली, त्यावर माझं नाव. अक्षर मशीनचं, अगदी बेकार. टाळ्या वाजत होत्या आणि मला कधी एकदा घर गाठतो असं झालं होतं. घरी येऊन मी शाल खुंटीला टाकली, पेटी उघडली आणि निळी वही काढली. शिवकांतानं समोर चहा ठेवला. तो गार व्हायच्या आत छाप सापडली. चार ओळी, एकही अक्षर न तुटलेलं. ती अक्षरं बघून मी पन्नास वेळा खूश झालो असेन आधी, त्या संध्याकाळी मला बघवेनात.

"आता कशाला काढली?" शिवकांता म्हणाली.

"जाऊन देऊन येतो."

"जावा. चार शिव्या देतील त्या, त्या खाऊन या. बरं वाटंल तुम्हाला."

दुसऱ्या दिवशी उदगीरच्या गाडीत बसलो. पिशवीत फुलपात्र, खिशात कापलेलं पान. वाटभर बोलायचं जुळवत होतो. साहेबांना भेटतो म्हणायचं, खटपट करतो म्हणायचं, पाय धरायचीही तयारी होती. तिठ्यावर उतरलो, विचारत विचारत घरापाशी गेलो.

प्रेमलाबाई ओसरीवर होत्या. शेजारची एक बाई, मल्लम्मा, सूप घेऊन शेंगा निवडत होती आणि प्रेमलाबाई तिला हातभार लावत होत्या. ओसरीच्या भिंतीवर कोळशानं काढलेली बाराखडी होती, अर्धी पुसलेली. मुलं नव्हती. मारुतीच्या देवळाकडून त्यांचा गलका येत होता. तिथं बालवाडी भरली होती.

"या अप्पा," प्रेमलाबाई म्हणाल्या, माझी वाट बघत असल्यासारख्या. पाणी आणून दिलं. मी ते प्यालो. आणि खिशातलं पान काढून त्यांच्या हातात दिलं.

त्यांनी वाचलं. सावकाश, ओठ हलवत. खालची तारीख वाचली, ती माझ्या हातची होती. बहात्तर साल.

"हे तुमच्याकडं होतं," त्या म्हणाल्या.

"व्हतं."

"मी आले तेव्हाही."

"हाव बाई. मला मालूम व्हतं. मी खोटं बोललो." सांगितलं एकदाचं. प्रदर्शनाचं सांगितलं, टेबलाचं सांगितलं. पिशवीतून फुलपात्र काढून त्यांच्यापुढं ठेवलं. "ह्ये तुमचंच हाय. मी साहेबांकडं जातो, पुढच्या भरतीला तुमचं..."

"पुढच्या भरतीला मी वयात बसत नाही." आवाज चढला नाही त्यांचा. चढायला हवा होता. "लांबून आलात अप्पा. जेवून जा."

शिव्या दिल्या नाहीत. चार शिव्यांची मला तिथं केवढी गरज होती! मी फुलपात्र हातानं पुढं सरकवलं. "ठेवा बाई. नाव बी घालून देतो, छिन्नी आणलीय मी."

"नको. दिरांच्या घरात बक्षिसं मांडायला जागा नाही." त्यांनी फुलपात्र उचललं, समईवर पदर फिरवला आणि माझ्या पिशवीत परत घातलं. "तुमच्याकडं नीट राहील. तुम्ही जपता."

पान मात्र ओसरीवर तसंच पडलं होतं. मल्लम्मानं सूप बाजूला ठेवलं, हात पुसले आणि ते उचललं. मला वाटलं नुसतं बघेल. पण ती अक्षरावर बोट ठेवून वाचायला लागली. याच ओसरीवर, त्याच कोळशाच्या बाराखडीवर शिकलेली. एकेक अक्षर जोडत, अडखळत. "गो... दा... व... री." जमलं म्हणून हसली, पुढच्या ओळीही तशाच लावल्या, आणि प्रेमलाबाईंकडं बघून म्हणाली, "कोण वो बाई ह्या गोदावरी? सातवीत पैल्या आल्यात म्हनं!"

प्रेमलाबाई शेंगा निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"आमच्या घरात या नावाचं कोणी नाही," त्या म्हणाल्या.

मल्लम्मानं पान माझ्या हातात दिलं आणि सूप परत मांडीवर ओढलं.